गोळ्यावरचा क्रूस आणि आतला चोवीस

जुनी नाणी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटी मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की मुलीकडे हॅनोव्हरला गेलो की सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात फिरतो आणि तिकडच्या बारक्या सरदारांची चांदीची चिल्लर चाळत बसतो. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली, तेवढी शिवराईवरच्या अख्ख्या लेखाला आली नव्हती. शिवराईवाल्यांनी रागावू नये, पुढच्या खेपेला त्यांचीच पाळी. या वेळी सगळी जर्मन चिल्लर.

सांगलीहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : *काका, मुलगा ग्योटिंगेनला शिकतो. त्यानं तिथल्या जुन्या बाजारातून पाच युरोला एक नाणं आणलं. आपल्या पावलीएवढं, पण पापडासारखं पातळ. एका बाजूला गोळा, त्यावर क्रूस, गोळ्यात २४ आकडा. कडेनं इंग्रजीत आर, व्ही, डी, ओ, एल अशी अक्षरं. दुसऱ्या बाजूला ढालीत पाच पाकळ्यांचं फूल आणि एस, आय, एम, ओ. क्रुसाच्या अलीकडे-पलीकडे ६ आणि ०, पुढचं झिजलंय. हे देवाचं पदक आहे की नाणं? पाच युरोला फसला का पोरगा?*

सर, पोरगा फसलेला नाही. उलट तुम्ही इतकं नेटकं वर्णन केलंय की फोटो न बघताच उत्तर देता येतं. असं वर्णन फार कमी लोक करतात. बहुतेक पत्रांत 'एक जुनं नाणं आहे, किंमत सांगा' एवढंच असतं.

आधी फूल. ढालीत पाच पाकळ्यांचा गुलाब ही लिप्पे घराण्याची खूण. लिप्पे हा वेस्टफालियातला छोटा मुलूख. डेटमोल्ड आणि लेमगो ही त्यातली मुख्य गावं. 'एस, आय, एम, ओ' म्हणजे सिमॉन, तिथला काउंट. ६ आणि ० वरून साल १६०० ते १६०९ मधलं. तेव्हा चिल्लरीवर साल बऱ्याचदा पुरतं कोरत नसत. हजाराचा एक गाळून टाकत, कधी शेवटचे दोनच आकडे ठेवत. जागाच किती असते! म्हणजे हा सिमॉन सहावा, जो १६१३ मध्ये वारला. झिजलेल्या जागी भिंगातून झेडसारखं काही दिसलं तर ते झेड नव्हे, २ आहे. मी स्वतः पहिल्या वर्षी या झेडपायी एका नाण्याचं साल सहा महिने चुकीचं सांगत हिंडत होतो.

आता गोळा. देवाचं पदक नाही, पण तुमचा तर्क अगदीच वावगा नाही. तो सम्राटाच्या हातातला गोल. राज्याभिषेकाला एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात हा क्रूस बसवलेला गोल. जर्मन माणसं त्याला साम्राज्याचं सफरचंद म्हणतात, म्हणून या नाण्यालाही 'सफरचंदी ग्रोशेन' असं नाव पडलं. आतला २४ म्हणजे 'अशी चोवीस द्या आणि एक टालर घ्या'. टालर हा मोठा चांदीचा रुपया समजा, आपल्या रुपयाच्या अडीचपट वजनाचा. तुमच्या हातात त्याचा चोविसावा तुकडा आहे.

आणि 'आर, व्ही, डी, ओ, एल' म्हणजे रुडॉल्फ. लॅटिनमध्ये यू-साठी व्ही कोरत. हा सम्राट रुडॉल्फ दुसरा, १५७६ पासून १६१२ पर्यंत गादीवर होता आणि प्रागमध्ये बसून चित्रं, घड्याळं, रत्नं गोळा करत होता. नाणं काउंटचं आणि नाव सम्राटाचं, हे कसं? १५५९ चा ऑग्सबर्गचा नाणेकायदा सांगत होता की नाणं कोणीही पाडो, एका अंगाला साम्राज्याची खूण आणि सम्राटाचं नाव हवं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पेशवाईत पुण्याच्या आसपास पडलेल्या रुपयांवरही दिल्लीच्या शाह आलमचंच नाव असायचं.

पण सर, तुमच्या नाण्याची खरी गंमत वेगळीच. हा सिमॉन नुसता खेड्यातला जमीनदार नव्हता. तो रुडॉल्फच्या दरबारचा सल्लागार होता आणि बादशहाचं चित्रांचं वेड ओळखून त्याच्यासाठी नेदरलँडकडून चित्रं मिळवून देत असे. म्हणजे नाण्याच्या दोन बाजूंना जी दोन नावं आहेत, ती माणसं एकमेकांना नीट ओळखत होती! लेमगोजवळ ब्राके इथं सिमॉननं वाढवलेला वाडा आजही उभा आहे, त्यात आता संग्रहालय आहे. मुलाला सांगा, ग्योटिंगेनहून एका दिवसात जाऊन येता येतं. नाणं खिशात घेऊन जा म्हणावं. मी नेलं होतं तेव्हा कोणाला दाखवायचं धाडस झालं नाही, पण वाड्याच्या पुलावर उभं राहून ते एकदा हातात घेतलं.

एक काम करा. ओळखीच्या सराफाकडे बारीक काट्यावर वजन करून कळवा. भाजीच्या काट्यावर नको. दीड ग्रॅमच्या आसपास भरायला हवं.

छत्रपती संभाजीनगरहून कॉमर्सचा एक विद्यार्थी : *सर, एकाच देशात शेकडो राजे आणि प्रत्येकाची स्वतःची टाकसाळ? सम्राट हे थांबवत का नव्हता? आणि बारक्या काउंटला नाणी पाडून मिळायचं काय? दहा मार्कांच्या प्रश्नासारखं उत्तर दिलं तरी चालेल.*

दहा मार्कांत बसणार नाही बाळा, सोळा लागतील. सोळाच का, ते पुढे कळेल.

नाणं पाडण्याचा हक्क मुळात सम्राटाचा. तो त्यानं आणि त्याच्या पूर्वजांनी वाटत वाटत नेला. सम्राट निवडणाऱ्या मोठ्या राजांना १३५६ च्या सुवर्णपत्रानं पक्का मिळाला. बिशप, मठ, शहरं, काउंट यांना वेगवेगळ्या सनदांनी. एकदा दिलेली सनद परत घेणं सोपं नसतं. आपल्याकडचे इनामाचे खटले आठव.

आता फायद्याचं गणित. मी सराफाच्या घरातला, म्हणून हे मला दुकानाच्या भाषेतच सांगता येतं. तू सोनाराकडे पैंजणांचा जाड जोड करायला टाकलास तर घडणावळ किती? आणि त्याच वजनाच्या चांदीची चिमुकली घुंगरं करायला टाकलीस तर? तिप्पट-चौपट सांगेल, आणि ते रास्तच आहे. चांदी तेवढीच, पण हात चोवीस वेळा चालवायचा. नाण्याचं तसंच. एक टालर पाडायला एक चकती, एक ठोका. तेवढ्याच चांदीचे ग्रोशेन पाडायला चोवीस चकत्या कापायच्या, पांढऱ्या करायच्या, चोवीस ठोके मारायचे.

कायदा काय म्हणत होता? कोलोनचा मार्क म्हणजे सुमारे २३४ ग्रॅम. एवढ्या शुद्ध चांदीतून नऊ टालर, म्हणजे दर टालरमध्ये २६ ग्रॅमला किंचित कमी चांदी. बारक्या नाण्यांतही जवळपास त्याच हिशोबानं चांदी घालावी, अशी ऑग्सबर्गच्या शहाण्यांची अपेक्षा. त्या हिशोबानं चोविसाव्या भागात एक ग्रॅमहून थोडी जास्त चांदी यायला हवी. पण घडणावळ कोण देणार? त्यासाठी कायद्यानं ठेवलेली सवलत इतकी तुटपुंजी होती, की प्रामाणिक ग्रोशेन पाडणं म्हणजे घरचं घालून गाव पोसणं. परिणाम काय? ज्यांच्या मुलखात खाणी होत्या ते टालर पाडून मोकळे झाले, चिल्लर पाडायच्या भानगडीत पडेनात. आणि बाजाराला तर रोज चिल्लरच लागते. पाव, मीठ, मजुरी टालरमध्ये देता येत नाही. ही पोकळी खाण नसलेल्या बारक्या सरदारांनी भरली आणि घडणावळ वसूल केली ती हीण मिसळून. लोक या काउंटांना चोर म्हणून मोकळे होतात. मी म्हणेन, चोरीचं पहिलं दार ऑग्सबर्गच्या कायद्यानंच उघडं ठेवलं होतं.

हीण मोजायची तिकडची रीत ऐकलीस तर हसशील. शुद्ध चांदी म्हणजे सोळा लोट. आपण सोळा आणे म्हणतो ना, तसं! आठ लोट म्हणजे निम्मी चांदी, निम्मं तांबं. समज, एखाद्या काउंटनं दीड ग्रॅमचा ग्रोशेन आठ लोटाचा पाडला. त्यात चांदी पाऊण ग्रॅम. असे चोवीस मिळून अठरा ग्रॅम. बाजारात मात्र ते सव्वीस ग्रॅमच्या टालरशी बरोबरी सांगतात. मधले आठ ग्रॅम काउंट, टाकसाळीचा ठेकेदार आणि चांदी पुरवणारा व्यापारी यांच्यात वाटले जायचे. काउंट स्वतः हातोडा घेऊन बसत नसे. तो टाकसाळ ठेक्यानं द्यायचा आणि ठरलेला हिस्सा घ्यायचा.

सम्राटानं थांबवलं नाही असं नाही. साम्राज्याचे दहा प्रांत-मंडळ होते, त्यांच्याकडे देखरेख सोपवली. टाकसाळीत प्रत्येक घाण्यातलं एक नाणं बंद पेटीत टाकायचं, आणि ठरावीक काळानं सगळ्यांनी जमून त्या पेट्या उघडून नाणी आटवून कस तपासायचा. लिप्पेसारख्या मुलखांची ही तपासणी कोलोनला होई. १५७० मध्ये श्पायरच्या सभेत ठरलं की ज्याची स्वतःची खाण नाही त्यानं आपली टाकसाळ चालवू नये, मंडळात तीन-चार मान्य टाकसाळी असतील तिथंच नाणी पाडून घ्यावीत. कागदावर उत्तम. पण पेटीत टाकायचं नाणं चांगलं आणि बाजारात सोडायचं नाणं वेगळं, एवढी अक्कल ठेकेदाराला असतेच.

मग १६१८ ला तीस वर्षांचं युद्ध पेटलं. सैन्याचा पगार रोख लागतो आणि चांदी कुठून आणणार? तिथून चार-पाच वर्षं जे झालं त्याला जर्मन इतिहासात 'किप्पर आणि विप्पर'चा काळ म्हणतात. तराजूची दांडी खाली-वर करणारे, असा काहीसा अर्थ. यामागची युक्ती सराफाच्या मुलाला लगेच कळते. टालर एकेक तोलून पाडत. चिल्लर मात्र घाऊक तोलत. एका मार्कात इतकी नाणी बसली की झालं, मग एखादं जड, एखादं हलकं. तर ही मंडळी काटा घेऊन चिल्लर निवडत बसायची. जड नाणी बाजूला काढायची, आटवायची, त्यात तांबं घालून पुन्हा नाणी. हलकी परत बाजारात. काउंट, ड्यूक, राजे सगळ्यांनी झाडाझुडपांत टाकसाळी उघडल्या. तिकडे तशा चोरट्या टाकसाळीला 'कुंपणातली टाकसाळ' असाच शब्द आहे. तांब्याला इतकी मागणी आली की लोकांच्या घरचे हंडे आणि पातेली मुशीत गेली.

आकडे बघ. क्रॉयत्सर म्हणजे तिकडची बारकी चिल्लर, साठ क्रॉयत्सरचा एक गुल्डेन. १५६६ मध्ये टालर ६८ क्रॉयत्सरचा होता. युद्धाच्या तोंडावर सुमारे ९०. आणि १६२२ च्या सुरुवातीला ऑग्सबर्गच्या बाजूला तो ६०० क्रॉयत्सरवर, म्हणजे दहा गुल्डेनवर गेला. टालर वाढला नव्हता, क्रॉयत्सर मेला होता. त्याच जानेवारीत खुद्द सम्राट फर्डिनांड दुसऱ्यानं बोहेमिया, मोराव्हिया आणि ऑस्ट्रियातल्या टाकसाळी वर्षभराच्या ठेक्यानं साठ लाख गुल्डेनला एका मंडळीला दिल्या. त्यात कार्ल फॉन लिष्टेनश्टाइन होता, सावकार हान्स डे विट्टे होता, पुढे सेनापती म्हणून गाजलेला वालेनश्टाइनही होता. तेव्हा तुझ्या 'सम्राट थांबवत का नव्हता' याचं उत्तर यात आलं.

मार कोणाला बसला? ज्याचा पगार बांधलेला होता त्याला. शाळामास्तर, पाद्री, कारकून. शेतकरी धान्य घरात दाबून बसला, तो कसाबसा तरला. शेवटी सरदारांच्या स्वतःच्या तिजोरीत करापोटी त्यांचंच हिणकस नाणं परत यायला लागलं, तेव्हा सगळ्यांना कायदा आठवला. १६२३ मध्ये टालर पुन्हा ९० क्रॉयत्सरवर बांधला आणि कचरा आटवायला काढला.

मार्क दे बघू किती देतोस.

जळगावचे एक सराफबंधू : *नमस्कार. तुमच्या जर्मनीत इतक्या टाकसाळी, तर दुकानदार बट्टा कसा लावत असतील? आम्हाला एका शिक्क्याचा हिशोब ठेवताना नाकी नऊ येतात.*

दादा, तुमच्या धंद्याचा माणूस तिकडेही होताच, प्रत्येक मोठ्या शहरात नाणी बदलून देणारा. त्याच्या हाताशी एक छापील पत्रक असे. निषिद्ध आणि कमअस्सल नाण्यांची चित्रं लाकडी ठशातून छापलेली, आणि प्रत्येकापुढे 'हे बोलतं इतक्याचं, पण आहे इतक्याचं'. आज ती पत्रकं आम्हा नाणेवेड्यांना पोथीसारखी. कुठल्या काउंटचं नाणं किती वाईट याचा सरकारी पुरावा. कितीतरी बारक्या सरदारांची आठवण आज फक्त तिथंच शिल्लक आहे. आपल्याकडे म्हणतात ना नावाला बट्टा लागला, यांच्या तर चित्रासकट लागला आणि वर छापूनही आला.

एक फरक सांगतो. आपला सराफ रुपया दगडावर आपटून नाद ऐकायचा. ही पातळ चिल्लर वाजतच नाही. तिथं नजर आणि ते पत्रक, बस.

कोल्हापूरहून एक भगिनी : *माझ्या आजोबांच्या डबीत अशीच परदेशी काळी पडलेली बारीक नाणी आहेत. चिंच लावून घासू का? चांदीच्या समया मी तशाच लख्ख करते.*

ताई, हात जोडतो, घासू नका. समईला लावा, नाण्याला नको. का, ते माझ्याच मूर्खपणातून सांगतो.

चार वर्षांपूर्वी हॅनोव्हरला मी एक बारा क्रॉयत्सरचं नाणं घेतलं. श्टोलबेर्गच्या काउंटचं, त्यावर त्यांच्या घराण्याचं हरीण, साल १६२१. काळंकुट्ट होतं. विकणाऱ्यानं सांगितलंही, की आजोबा, आहे तसं ठेवा. पण मी सराफाचा मुलगा! मला कोण शिकवणार? घरी आलो, मुलीच्या स्वयंपाकघरात चिंच भिजवली, वर रांगोळीची चिमूट घेतली (मुलगी दिवाळीसाठी नेते) आणि बोटानं चोळलं. पहिल्या मिनिटाला हरीण चमकलं. दुसऱ्या मिनिटाला हरणाची पाठ लाल झाली. तिसऱ्या मिनिटाला थांबलो, पण तोवर नाणं तांब्याच्या पैशासारखं दिसायला लागलं होतं.

झालं काय होतं? हिणकस चांदीची चकती पाडली की ती लालसर, मळकट दिसते. लोक घेणार नाहीत. म्हणून टाकसाळीत ठोका मारण्याआधी चकत्या मीठ आणि द्राक्षाच्या दारूच्या पिंपात तळाला जमणारा आंबट खार यांच्या पाण्यात उकळत. पृष्ठभागावरचं तांबं त्या आंबटात निघून जातं आणि वर चांदीचा एक तलम पापुद्रा राहतो. वरून पांढरं शुभ्र, आत तांबं. आमच्या दुकानात वडील नवीन घडवलेली चांदी चिंचेच्या पाण्यात उकळून उजळ करायचे. अगदी हीच विद्या. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी कुणा ठेकेदारानं आंबट पाण्यानं जे झाकलं, ते मी आंबट पाण्यानं आणि रांगोळीनं उघडं पाडलं. शिकायला मिळालं खरं, पण नाणं गेलं. ते आता माझ्या देवघराशेजारी ठेवलंय, बायको म्हणते तुमच्या अहंकाराची समाधी.

तुम्ही कोमट साध्या पाण्यात बुडवा, मऊ कापडावर टिपून घ्या, चोळू नका, आणि प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. काळेपणा असू द्या. तो त्या पापुद्र्याचा राखणदार आहे.

चिपळूणहून एक वाचक : *आमच्या पणजोबांनी एडनला नोकरी केली. तिथून आणलेलं एक मोठं चांदीचं नाणं घरी आहे, जाड बाईचं चित्र, साल १७८०. हे तुमच्या टालरांपैकी का? आणि टालर हा शब्द आला कुठून?*

होय, टालरच, पण चिल्लर नव्हे. ही ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा. जाड म्हणू नका, सोळा लेकरांची आई होती. १७८० ला ती वारली, पण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांना लोक दुसरं नाणंच घेईनात, म्हणून तेच साल घालून पुढे दीडशे-दोनशे वर्षं ते पाडत राहिले. चित्राखाली एस, एफ अशी अक्षरं असतील. ती ग्युन्झबुर्गच्या टाकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं, तीही तशीच कायम राहिली.

आणि आता तुमच्या कामाचं. १९४०-४१ मध्ये हेच १७८० चं नाणं आपल्या मुंबईच्या टाकसाळीत पाडलं गेलं, दीड कोटीहून जास्त. मूळ ठसे तेव्हा इटलीच्या हाती होते आणि इंग्रजांना इथिओपियाच्या मोहिमेसाठी तिथं चालणारं नाणं हवं होतं. पणजोबांचं मुंबईचं की व्हिएन्नाचं, हे मोत्यांच्या आणि गरुडाच्या पिसांच्या बारकाव्यांवरून ठरतं. दोन्ही बाजूंचे जवळून काढलेले फोटो पाठवा.

'टालर' हा शब्दही विचारलाय. बोहेमियात योआखिम्सटाल नावाचं खाणीचं गाव आहे. टाल म्हणजे दरी. तिथं १५२० च्या सुमारास श्लिक घराण्याच्या काउंटांनी स्वतःच्या खाणीतल्या चांदीची मोठी नाणी पाडली, म्हणून ती योआखिम्सटालर. पुढचं नाव झिजलं, टालर उरलं, इंग्रजीत जाऊन डॉलर झालं. तेही एका बारक्या सरदाराचंच काम, बरं का. १५२८ ला राजानं टाकसाळ काढून घेतली.

पुण्याहून, नाव न देता : *अशा नाण्यांना भाव काय येतो?*

बहुतेकांना चहा-नाश्त्याचा. लाखांनी पाडली होती, हजारांनी उरली आहेत. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर नका घेऊ.

नागपूरहून एक ताई : *सगळे काउंट, ड्यूक, सम्राट. बायका कुठे होत्या? का त्या फक्त टालरवर चित्रापुरत्या?*

ताई, चांगलं टोचलंत. उत्तर समुद्राजवळ येव्हर नावाचं गाव आहे. आज तिथल्या बिअरसाठी माहीत असतं लोकांना. सोळाव्या शतकात तिथं मारिया नावाची बाई राज्य करत होती. शेजारच्या पूर्व फ्रीसलँडच्या काउंटनं तिच्या आणि तिच्या बहिणींच्या लग्नाची बोलणी आपल्या मुलांशी केली आणि शब्द फिरवला, म्हणजे मुलूख गिळायचा डाव. मारियानं लग्न केलं नाही. १५३२ मध्ये तिनं आपला मुलूख सम्राट चार्ल्स पाचव्याच्या छत्राखाली, ब्राबांटच्या ड्यूकच्या नात्यानं, मांडलिक म्हणून दिला आणि शेजाऱ्याचे दात घशात घातले. १५३६ ला येव्हरला शहराचा दर्जा दिला. आणि स्वतःची नाणी पाडली, टालर आणि चिल्लर दोन्ही. तिच्या एका टालरवर सिंहांच्या गुहेत बसलेला दानिएल आहे. चहूबाजूंनी सिंह, मधे एकटा माणूस, अंगाला ओरखडा नाही. बायबलमधली गोष्ट, पण शेजारी कोण होते हे माहीत असलेल्या बाईनं हे चित्र निवडावं, यात मला तिचा मिश्कीलपणा दिसतो. पुरावा मागू नका.

ती १५७५ ला वारली आणि येव्हर ओल्डेनबुर्गच्या काउंटकडे गेलं. पण गावकरी म्हणतात ती मेलीच नाही. वाड्याखालच्या भुयारातून निघून गेली आणि परत येईपर्यंत घंटा वाजवत राहा म्हणून सांगून गेली. म्हणून तिथं अजून रोज रात्री घंटा वाजते. गेल्या वर्षी ती ऐकायला मी मुद्दाम थांबलो. खिशात तिची एक चिल्लर होती, इतकी झिजलेली की नाव माझ्यापुरतंच वाचता येतं. घंटा संपेपर्यंत हलवलं नाही पायांना. परतीची गाडी गेली, मग मुलीनं फोनवर जे ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही.